गावातलं औषधाचं दुकान : तीन वर्षांच्या ये-जा नंतर

आईचा संधिवात आणि वडिलांचा मधुमेह, या दोन दुखण्यांपायी गेली तीन वर्षं मी गावातल्या औषधाच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी जातो. त्याआधी बावीस वर्षं एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. माल आत कसा आला, ठेवला कुठे, आधी कुठला बाहेर काढला, वहीत काय लिहिलं, हे बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून हा अभिप्राय जरा लांबणार आहे. दुकान स्वच्छ आहे, माणसं बोलायला चांगली आहेत, एवढं लिहून भागलं असतं तर लिहायला बसलोच नसतो. औषधाच्या दुकानात चांगल्या माणसाच्या हातूनही जीवावर बेतणारी चूक होऊ शकते. ती होऊ नये म्हणून दुकानात काय व्यवस्था आहे, हे गिऱ्हाइकानं बघायला हवं असं मला वाटतं. मी ते बघायला शिकलो, त्याला कारण आईची एक गोळी.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केली. चिठ्ठी घाईत लिहिलेली, अक्षर लागत नव्हतं. तिथल्याच एका दुकानातून गोळ्या घेतल्या. माणसानं पाकिटावर पेनानं ‘रोज सकाळी १’ असं लिहून दिलं आणि आम्ही घरी आलो. बाकीची दोन औषधं त्यांच्याकडे नव्हती, ती घ्यायला तिसऱ्या दिवशी मी गावातल्या दुकानात गेलो. काउंटरवर ताई होत्या. दुकान त्या आणि त्यांचे यजमान मिळून चालवतात, फार्मासिस्ट ताई आहेत. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मग उजेडाला धरून वाचली. मला हवी होती ती औषधं काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, “काका, ही वरची गोळी आई कधी घेतात?”

“रोज सकाळी.”

“कधीपासून?”

“काल आणि आज.”

त्यांचा हात चिठ्ठीवर तसाच राहिला. “उद्याची देऊ नका. थांबा, मी एक फोन करते.” मला बाकड्यावर बसवून त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. लागेना. तीनदा लावला. मागे चार माणसं ताटकळत होती, एकानं घड्याळही दाखवलं. ताईंनी त्यांना एवढंच सांगितलं, “पाच मिनिटं द्या मला, हे आधी.” चौथ्या वेळी डॉक्टर भेटले. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं, पण त्या अक्षरात ते हरवलं होतं. डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवायला सांगितली आणि त्याच दिवशी रक्त तपासायला सांगितलं. मी निघत होतो तेवढ्यात ताईंनी पुन्हा अडवलं. आईच्या तोंडात फोड आलेत का, ताप, घसादुखी, अंगावर काळे-निळे डाग? एकेक विचारलं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, असं बजावलं. आईचं रक्त ठीक निघालं.

मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदा देतात. ती रोज पोटात गेली तर हाडातल्या मगजावर घाला घालते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, तोंड सोलवटतं, साधा संसर्गही आवरत नाही. आठवड्याची गोळी रोज घेतल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत, आणि औषधांच्या सुरक्षिततेविषयी कुठेही बोलणं निघालं की हे उदाहरण निघतंच. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की आम्ही दोन दिवसांवर वाचलो, आणि ज्या गोळीपासून वाचलो ती या दुकानानं विकलेलीसुद्धा नव्हती.

आता आईची गोळी इथूनच येते. ती वेगळ्या खणात असते, खणावर लाल पट्टी आहे आणि खणाला कुलूप आहे. एका वेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या मिळतात. पाकिटावर ताई ‘सोमवार’ असं पूर्ण लिहितात, ‘सोम’ नाही. आणि दर वेळी माझ्याकडून वदवून घेतात, “कुठल्या वारी?” पहिल्या काही महिन्यांत मला अवघडल्यासारखं व्हायचं. शिकल्यासवरल्या माणसाला काय विचारतात, असं वाटायचं. मग एका सोमवारी आईनं सकाळी गोळी घेतली आणि दुपारी विसरून पुन्हा पाकीट काढलं, तेव्हा घरात ‘कुठल्या वारी, घेतली का’ हे विचारायची सवय होती म्हणून ती हातातच धरली गेली.

आठेक महिन्यांनी असंच आणखी एकदा झालं. आईला लघवीला जळजळ होत होती. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं. औषध साधं, वर्षानुवर्षं वापरातलं, चिठ्ठीही बरोबर. ताईंकडे नेहमीच्या रुग्णांची एक वही आहे. एका पानावर एक माणूस : वय, वजन, कशाची ॲलर्जी, काय काय चालू आहे. त्यांनी आईचं पान उघडलं आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. हे औषध आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात आड येतात. शिवाय को-ट्रायमॉक्साझोलमुळे मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडायला वेळ लागतो. दोन्ही एकत्र आली की हाडातल्या मगजावर दुहेरी मार बसतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आईच्या सोमवारच्या गोळीची कल्पनाच नव्हती. आम्हीच सांगितलं नव्हतं, कारण जळजळीचा आणि सांध्यांचा काय संबंध, असं आम्हाला वाटलं. ताईंनी फोन केला, डॉक्टरांनी औषध बदललं, दहा मिनिटांत विषय संपला. ती वही नसती तर चिठ्ठीवरचं औषध मुकाट्यानं पिशवीत पडलं असतं.

गावात असं अडवणारं कुणीतरी असणं किती मोलाचं आहे, हे शहरातल्या माणसाला चटकन जाणवणार नाही. मोठं रुग्णालय आमच्यापासून दोन तासांवर आहे. औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर ओळखायला जवळ कुणी नाही, ओळखली तरी पोचायला वेळ लागतो. म्हणून चूक काउंटरवरच पकडली गेली पाहिजे. त्यानंतर पकडायला फारशी जागा उरत नाही.

फ्रिजबद्दल लिहितो, कारण दुकानात शिरल्यावर माझी नजर आधी तिकडे जाते. वडिलांचं इन्सुलिन तिथून येतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उष्णतेनं ते हळूहळू कमजोर होतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. गोठलं तर ते वाया जातं, आणि पुन्हा पातळ झाल्यावर बाटली बघून दर वेळी ओळखता येतंच असं नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. या दुकानातल्या फ्रिजमध्ये औषधांखेरीज काहीही नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. खोकी मागच्या भिंतीला टेकलेली नाहीत, दारातल्या कप्प्यात एकही नाही. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर मधल्या फळीवर आहे. दारावर अडकवलेल्या कागदावर सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि पुढे सही. मी गोदामात असले कागद हजारो पाहिले. खोटे कागद ओळखता येतात : सगळे आकडे सारखे, एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेले. इथे आकडे ४, ५, ४, ६ असे हलतात, शाई बदलते, आणि एका दिवशी चक्क रकाना कोरा आहे आणि त्यात ‘दुकान बंद’ लिहिलंय. त्या कोऱ्या रकान्यामुळे माझा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला.

एकदा रात्रभर वीज गेली. सकाळी मी इन्सुलिन घ्यायला गेलो तर थर्मामीटरवर सगळ्यात जास्त आकडा ११. फ्रिजमधलं सगळं ताईंनी खालच्या कप्प्यात हलवून त्यावर ‘देऊ नका’ अशी चिठ्ठी लावली होती आणि त्या पुरवठादाराशी फोनवर बोलत होत्या : किती तास, किती तापमान, कुठल्या कंपनीचं काय ठेवता येईल, काय परत पाठवायचं. उत्तर येईपर्यंत एकही बाटली बाहेर काढणार नाही म्हणाल्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. वडिलांची बाटली संपत आली होती. ताईंनी विचारलं, “घरातली चालू बाटली कधी उघडली?” मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी समजावलं, की बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर फार गरम नसलेल्या खोलीत चार आठवडे चालतं. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर छापलेले असतात, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची म्हणजे असा प्रश्न पडत नाही. घरी फोन करून वडिलांना बाटली मोजायला लावली, दोन दिवसांचं निघालं. दुसऱ्या दिवशी नवा माल आला. ताईंनी बाटली हातात देताना मार्करही दिला आणि “उघडाल तेव्हा इथे तारीख घाला,” म्हणून लेबलावरची जागा दाखवली.

रॅकवरच्या मांडणीत गोदामापेक्षा एक फरक आहे. आमच्याकडे नियम होता, आधी आलेला माल आधी बाहेर. औषधांत तो पुरत नाही, कारण काल आलेल्या खोक्याची मुदत महिन्यापूर्वी आलेल्या खोक्याच्या आधी संपू शकते. म्हणून इथे ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. मुदतीला तीन महिने राहिले की ते खोकं वेगळ्या खणात जातं. लांब चालणाऱ्या औषधांच्या गिऱ्हाइकाला त्यातलं देत नाहीत. मुदत संपलेलं टेप लावून बंद पेटीत, विक्रीच्या मालापासून दूर. नावं सारखी असलेली औषधं शेजारी ठेवत नाहीत, अक्षरक्रमानं शेजारी येत असली तरी. दोन वेगवेगळ्या ताकदींच्या एकाच गोळीच्या मध्ये लाकडी फळी घातलेली मी पाहिली. साधी गोष्ट आहे, खर्चही नाही, पण घाईत हात चुकीच्या खोक्यावर पडतो तो अशाच जागी.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. ताई नसताना एकदा त्यांच्या मदतनीस मुलानं आईला रक्तदाबाच्या सहा गोळ्या पट्टीतून कापून दिल्या. घरी येऊन बघतो तर त्या तुकड्यावर नावाची दोन अक्षरं, बॅच नंबर, म्हणजे एकत्र बनवलेल्या मालाचा क्रमांक, नाही, मुदत नाही. असा तुकडा घरातल्या डब्यात गेला की आठ दिवसांनी तो कशाचा आहे हेसुद्धा सांगता येत नाही. मी परत घेऊन गेलो. ताईंनी तो घेतला, माझ्यासमोर बंद पेटीत टाकला आणि नवीन गोळ्या दिल्या. पट्टी कापायची तर छापील टोक शेवटपर्यंत राखायचं आणि दिलेल्या तुकड्याबरोबर लहान पाकिटावर नाव, ताकद, बॅच, मुदत लिहायची, हा त्यांचाच नियम होता. तो त्या दिवशी पाळला गेला नाही. त्यानंतर ताई दुकानात नसतील तर जखमेवरच्या पट्ट्या, मलम, कापूस यापलीकडे काही मिळत नाही. काही लोक त्यावरून कुरकुर करतात. मला हा बदल पटला, पण तो माझ्या तक्रारीआधी व्हायला हवा होता.

परत घेतलेलं औषध ताई पुन्हा रॅकवर ठेवत नाहीत, हे या निमित्तानं कळलं. शेजारच्या एका गृहस्थांनी न उघडलेलं खोकं परत नेलं, पैसे मागितले आणि नकार मिळाल्यावर गावभर बोलत सुटले. मी त्यांच्या बाजूनं नाही. ते खोकं महिनाभर त्यांच्या घरात चुलीजवळ होतं की खिडकीत, दुकानाला कसं कळणार? पुढच्या माणसाला तेच औषध नवं म्हणून विकायचं?

बॅच नंबरचं मला आधी फारसं महत्त्व वाटत नसे. ते कळलं जुन्या घटनांवरून. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाच्या औषधाचं गोड पातळ रूप विकायला आलं. ते ज्यात विरघळवलं होतं ते डायएथिलीन ग्लायकॉल विषारी होतं. १०० हून जास्त माणसं मेली, त्यांत पुष्कळ मुलं होती. उरलेल्या बाटल्या गोळा करायला सरकारी निरीक्षक दुकानादुकानांतून आणि घराघरांतून फिरले, आणि बाटली कुणाकडे गेली ते दुकानातल्या नोंदींवरून शोधत गेले. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. हे जुनं झालं म्हणावं तर ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गांबियात सापडलेल्या चार पातळ औषधांबद्दल इशारा दिला. त्यांत तेच विष होतं आणि तिथे मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली होती. मधे ८५ वर्षं गेली. याच संघटनेनं २०१७ साली अंदाज दिला होता, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण दहांतलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. गावातल्या दुकानाला प्रयोगशाळा नाही, बाटलीत काय आहे ते तपासता येत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत : माल ओळखीच्या, परवानाधारक पुरवठादाराकडूनच पक्क्या बिलावर घेणं, आणि कुठल्या बॅचची बाटली कुणाकडे गेली ते लिहून ठेवणं.

त्या लिहिण्याचा उपयोग मी घरात पाहिला. गेल्या वर्षी खोकल्याच्या एका औषधाचा एक बॅच परत मागवला गेला. संध्याकाळी ताईंचा फोन आला. “काका, मागच्या महिन्यात आईंना नेलेली बाटली घरात आहे का? तळाशी नंबर बघा.” मी बाहेर होतो. आईनं बाटली शोधली, चष्मा शोधला, नंबर इतका बारीक की तिला वाचता येईना. ताई फोनवर थांबून राहिल्या. शेवटी आईनं शेजारच्या सातवीतल्या मुलीला हाक मारली, तिनं बॅटरीच्या उजेडात एकेक अक्षर वाचलं, ताईंनी वहीतल्या नंबराशी ताडून बघितलं. तोच बॅच होता. अर्ध्या तासात त्यांचे यजमान येऊन बाटली घेऊन गेले. त्या संध्याकाळी त्यांनी असे अकरा फोन केले होते.

लहान मुलांच्या औषधाच्या बाबतीत तर हे दुकान मी डोळे झाकून कुणालाही सुचवीन. माझी भाची तापानं फणफणलेलं बाळ घेऊन आमच्याकडे आली होती, तिच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलं होतं. ताईंनी पहिला प्रश्न वयाचा नाही, वजनाचा केला. काउंटरच्या बाजूला काटा आहे, भाचीला बाळासकट आणि मग बाळाशिवाय उभं केलं. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असं मोजतात. मग त्यांनी विचारलं, घरी आधीची कुठली बाटली आहे का. होती, थेंबांची. इथे ताईंनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून लेबलं वाचून दाखवली : थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपच्या बाटलीत पाच मिलीत १२०. नाव एकच, पण थेंबांचं औषध चारपट कडक. सिरपच्या मापानं थेंब दिले तर बाळाला चौपट औषध जाईल. दोन्हीपैकी एकच बाटली घरात ठेवा म्हणाल्या. घरचा चमचा वापरायचा नाही, कारण चमच्याचमच्यात फरक असतो. सुई नसलेली छोटी सिरिंज दिली, तिच्यावर मार्करनं रेघ मारली आणि भाचीकडून एकदा पाणी ओढून घेतलं. ते पाणी रेघेच्या वर गेलं. पुन्हा ओढायला लावलं.

जुलाबासाठी ओआरएसचं पाकीट देतानाही असंच. “किती पाण्यात?” विचारतात. लोक पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजानं टाकतात. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यासाठी मोजून भरलेलं असतं. थोड्या पाण्यात टाकलं तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला त्याचा त्रास होऊ शकतो. लहान पाकिटंही येतात, त्यांना पाणी कमी लागतं, म्हणून पाकिटावरचं वाचूनच घ्यायचं.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाहीत. यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात, मीही एकदा चिडलो होतो. सर्दीवर त्याचा उपयोग नाही हे मला आता पटलंय.

एकदा मी ताईंना विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात. त्यांनी खणातून छापील कागदांची फाईल काढली. औषधनिर्मात्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्याला एफआयपी म्हणतात, त्यानं १९९३ साली चांगल्या औषधसेवेची मानकं मांडली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेबरोबर मिळून ती नव्यानं लिहिली. औषध मिळवणं, साठवणं, देणं आणि निकामी झालेल्याची विल्हेवाट लावणं, हे त्यात आहेच. पण रुग्णाला त्या औषधाचा उपयोग होतोय ना यावर लक्ष ठेवणं, स्वतःचं ज्ञान ताजं ठेवणं आणि गावाच्या आरोग्याला हातभार लावणं, हीसुद्धा औषधवाल्याचीच कामं म्हणून लिहिली आहेत. ताईंनी त्यातल्या काही ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. समासात एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हे अजून नाही’.

जे अजून नाही ते मीही सांगतो. एक म्हणजे आडोसा नाही. काउंटर दीड हात रुंद, मागे रांग, आणि रांगेत सगळे ओळखीचे. गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. आईनं लघवीच्या त्रासाचं विचारायचं म्हणून दोनदा जाऊन नुसतं मलम आणलं होतं. ज्यांना गर्भनिरोधकाबद्दल, मनाच्या आजाराच्या गोळ्यांबद्दल विचारायचं असेल त्यांची काय अवस्था होत असेल? ताईंनी रॅकच्या मागे एक खुर्ची ठेवली आहे आणि कुणी घुटमळताना दिसलं की त्या स्वतः तिकडे बोलावतात, हे खरं. पण खुर्चीवर बसलेलं माणूस रांगेतून दिसतं. एक पडदा लागला तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरं, घरात उरलेली जुनी औषधं गोळा करायला पेटी नाही. लोक ती उकिरड्यावर टाकतात, तिथे मुलं खेळतात. ताई कुणी आणून दिली तर घेतात, पण हे फार थोड्यांना माहीत आहे. पेटी काउंटरवर दिसली तर लोक आपण होऊन आणतील.

तिसरं, वेळ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. एका चिठ्ठीवर सगळं वाचायचं, वही उघडायची, काढलेल्या गोळ्या पुन्हा चिठ्ठीशी ताडायच्या, मग समजावून सांगायचं. हे एकटं माणूस करतंय. मी यावर तक्रार करणार नाही. मदतीला दुसरा शिकलेला माणूस मिळावा एवढं मात्र वाटतं, कारण थकलेल्या माणसाच्या नजरेतून अक्षर सुटतं, आणि ताई संध्याकाळी सातनंतर थकलेल्या दिसतात.

चौथी गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली आहे. दर्शनी काचेच्या फळ्यांवर दुपारी चारनंतर सरळ ऊन येतं. बऱ्याच गोळ्या-औषधांच्या खोक्यावर छापलेलं असतं, ३० अंशांखाली आणि उजेडापासून दूर ठेवा. आतल्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर २८ असतं, पण त्या काचेमागे हात घातला तर खोकी कोमट लागतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताईंनी सिरपच्या बाटल्या तिथून काढल्या. महिन्याभरात जागेअभावी पुन्हा भरल्या गेल्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

परवा मुद्दाम चार वाजता गेलो. वरच्या दोन फळ्यांवर आता दात घासायचे ब्रश आणि कापसाची बंडलं आहेत. तिसऱ्या फळीवर औषधं होती आणि त्यांच्यावर ऊन होतं. मी ताईंना हाक मारली. त्या बाहेर आल्या, बघितलं, एक खोकं हातात घेऊन अंगठ्यानं चाचपलं, आणि मदतनीस मुलाला रिकामा पुठ्ठा आणायला सांगितला.